कुड्या, चष्मा आणि तानपुऱ्याचा खर्ज

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, वय एकसष्ट, मंगळवार पेठेत राहते. रोज दुपारी दोन-तीन तास गाणं ऐकते. केसरबाई, मोगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर ही माझी माणसं. आजवर मोबाइलच्या स्पीकरवर ऐकत आले, पण खाली रस्ता आणि डोक्यावर पंखा, त्यामुळं निम्मं गाणं कानापर्यंत पोचतच नाही. मुलगा पुण्याहून म्हणतो, 'आई, पूर्ण कान झाकणारा चांगला वायरलेस हेडफोन घे, तीस हजारांपर्यंत बघ.' त्यानं सोनी, बोस, सेनहायझर आणि ॲपल अशी चार नावं पाठवली आहेत. राजारामपुरीतल्या एका दुकानात दोन लावून बघितले. पाच मिनिटांत दोन्ही चांगलेच वाटले. मला चष्मा आहे, कानात कुड्या असतात आणि केसांचा अंबाडा असतो. आवाज कुणाचा चांगला, आणि तीन तास डोक्यावर कोणता सोसेल?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बाई, तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण माझ्या दृष्टीनं तो एकच आहे. तीस वर्षं मी नाटकांना आणि मैफलींना साउंड दिला. आता शाहूपुरीत दुरुस्तीच्या टेबलावर बसतो आणि आठवड्याला चार-दोन हेडफोन उघडतो. कान झाकणाऱ्या हेडफोनमध्ये कुशन कानाभोवती जसं टेकतं तसा आवाज येतो. जो नीट बसत नाही, तो नीट वाजत नाही. कंपनीनं आत कितीही भारी स्पीकर घातला असला तरी.

तुमचं पत्र आल्यावर हे पुन्हा एकदा करून बघितलं. आमच्या घरी मिरजेचा तानपुरा आहे, थोरला भाऊ गायचा त्याचा. तो काळी एक या पट्टीत लावला, चांगल्या मायक्रोफोननं दहा मिनिटं रेकॉर्ड केला आणि मग त्याच खोलीत, तोच तानपुरा समोर ठेवून बसलो. एकदा हातानं तार छेडायची, एकदा हेडफोन चढवून रेकॉर्डिंग ऐकायचं. नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे बाहेरचा आवाज मारणारी सोय, बंद. पहिल्यांदा चष्मा काढून ऐकलं. खर्जाची तार वाजली की आवाज छातीत उतरल्यासारखा वाटत होता. मग चष्मा चढवला, वर हेडफोन. तोच खर्ज एकदम पातळ. तार तीच, जवारी तीच, पण कुणी तानपुऱ्याचा भोपळा काढून घ्यावा तसं. चष्म्याची काडी कुशनखालून जिथून कानामागं जाते, तिथं बोटानं कुशन हलकेच दाबलं. भोपळा परत आला. बोट काढलं, गेला. पाच-सहा वेळा केलं, दर वेळी तेच.

कारण साधं आहे. काळी एकचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झवर असतो. इतका खालचा आवाज कानाभोवतीची हवा बंदिस्त असेल तरच टिकतो. काडीखाली दोन मिलिमीटरची फट राहिली की तो तिथून निसटतो. वरचा आवाज, म्हणजे जवारीची झिणझिण, गायिकेचा 'आ'कार, तंबोऱ्याची वरची तार, हे सगळं शाबूत राहतं. म्हणून माणसाला वाटतं, 'हेडफोनला बेस नाही.' बेस असतो, तो काडीखालून गळतो. नॉइज कॅन्सलिंग चालू केलं तर वाटीच्या आतला छोटा मायक्रोफोन ही गळती काही अंशी भरून काढतो, पूर्ण नाही.

म्हणून तुमच्यासाठी सगळ्यात पहिली सूचना फुकटातली आहे. गाणं ऐकताना चष्मा काढून ठेवा. वाचत ऐकायचं असेल तर जाड प्लॅस्टिकच्या काडीऐवजी बारीक तारेच्या काडीची फ्रेम वापरा, आणि हेडफोन चढवल्यावर काडी जरा वर उचलून कुशनच्या बाहेरून घ्या.

कुड्यांचं काम जास्त नाजूक आहे. ते मी माझ्या कानावर बघू शकत नव्हतो, म्हणून पत्नीला विनंती केली. तिनं मोत्याच्या कुड्या घालून एक-एक हेडफोन सोसेल तेवढा वेळ लावला आणि स्वयंपाकघरात आपली कामं करत राहिली. अडचण पुढच्या मोत्यांची फारशी नव्हतीच, मागच्या फिरकीची होती. वाटीचं भोक लहान असेल तर पाळी आत मावत नाही, कुशन पाळीवर बसतं आणि फिरकी कानामागच्या हाडावर रुतते. पहिली वीस मिनिटं काही कळत नाही. चाळिसाव्या मिनिटाला तिनं हेडफोन काढून ओट्यावर ठेवला, तेव्हा पाळीमागं फिरकीचा गोल ठसा उमटलेला होता. दुकानातल्या पाच मिनिटांत हे कळणं शक्यच नाही. तुम्हाला दोन्ही चांगले वाटले यात तुमची काही चूक नाही.

अंबाड्याचं सोपं आहे. मानेवर खाली बांधलात तर पट्ट्याला आडवा येत नाही. उंच बांधला तर पट्टा कपाळाकडं सरकतो, वाट्या तिरक्या होतात, आणि पुन्हा तीच गळती.

आता चौघांबद्दल. वजनापासून सुरुवात करतो, कारण तीन तासांत मानेला तेच कळतं. ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स सुमारे ३८५ ग्रॅमचा आहे. धातूच्या वाट्या, वर जाळीचा पट्टा, बांधणी देखणी आणि आवाज समतोल. पण तुमच्या वयाला आणि तीन तासांना मी तो सुचवणार नाही, आणि किंमतही तुमच्या आकड्याच्या पार बाहेर आहे. सेनहायझरचा मोमेंटम ४ आहे २९३ ग्रॅमचा. सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ साधारण २५० ग्रॅम आणि बोसचा क्वाएटकम्फर्ट सुमारे २४०. शेवटच्या दोघांत दहा ग्रॅमचा फरक, तो हाताला कळतही नाही. तिथं कुशनचा मऊपणा आणि पट्टा डोकं किती जोरात आवळतो ते बघायचं.

आवाजात, तानपुरा शेजारी ठेवून ऐकल्यावर, मला सेनहायझर सगळ्यात खरा वाटला. जवारीतून एकामागून एक स्वर उमलतात, खर्जातून गंधार आपोआप ऐकू येतो. तो गंधार त्याच्यात स्पष्ट आला, आणि गायिकेचा आवाज तानपुऱ्याच्या पुढं, वेगळा उभा राहिला. सोनी पेटीतून काढल्याबरोबर खालच्या बाजूला जड वाजतो. आजच्या गाण्यांना ते रुचतं, पण आपल्या गाण्यात डग्गा गायकाच्या अंगावर येतो. ॲपमधल्या इक्वलायझरमध्ये खालची पट्टी दोन-तीन घरं उतरवली की तो चांगला सुधारतो. बोसचा आवाज गोड आणि गोल. जवारीची धार किंचित बोथट होते, पण कुठंही टोचत नाही.

न टोचणं तुमच्यासाठी फार महत्त्वाचं आहे. तुम्ही ऐकता त्यातलं बरंचसं जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून आलेलं. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, त्यात केसरबाईंचे गुरू अल्लादियाखाँसाहेब यांच्या तालमीतली अख्खी चीज बसवलेली. ज्या खाँसाहेबांना शाहू महाराजांनी या गावात आणलं, त्यांच्या शिष्य-प्रशिष्यांचं गाणं आपण कोल्हापूरकरांनी तरी मन लावून ऐकायला हवं, असं मला मनापासून वाटतं. पण त्या तबकड्यांत वरच्या टोकाचे स्वर मुळात फारसे नाहीतच. तिथं असते ती सुईची खरखर. 'चकचकीत' आवाजाचा हेडफोन लावला की गाणं उजळत नाही, खरखर उजळते. त्यामुळं एलडॅकसारख्या ९९० किलोबिटपर्यंतच्या उच्च प्रतीच्या प्रसारणासाठी जास्त पैसे मोजू नका. तबकडीवर जे उतरलंच नाही ते हेडफोन कुठून आणणार? सोनी घेतलात तर आवाज 'सुधारणारी' डीएसईई नावाची सोय बंद ठेवा. कुठल्याही हेडफोनमध्ये आवाज चोहोबाजूंनी फिरवणारी सोय असली तर तीही बंद. हे ध्वनिमुद्रण एकाच वाहिनीचं आहे, ते डोक्याच्या मधोमध सरळ उभं राहू द्या.

पंखा आणि रस्ता यांच्यासाठी नॉइज कॅन्सलिंग हवंच. बाहेरचा मायक्रोफोन आवाज ऐकतो, हेडफोन त्याच्या उलट लाट तयार करतो आणि दोन्ही एकमेकांना मारतात. विमानाच्या गुरगुरीतून ही युक्ती हेडफोनमध्ये वापरायची कल्पना बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना सुचली. अशा एकसारख्या, खालच्या आवाजावर ती उत्तम चालते. तुमचा पंखा, फ्रिज, स्टॉपवर उभ्या केएमटी बसचं इंजिन हे जवळजवळ नाहीसं होईल. हॉर्न, भाजीवाल्याची हाळी आणि शेजारचा मिक्सर हे कमी होतील, जाणार नाहीत. काहींना नॉइज कॅन्सलिंगमुळं कान दडपल्यासारखे वाटतात, गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना होतात तसे. दोन-चार दिवसांत सवय होते. नाही झाली तर ते कमी करून ऐका.

त्याचा खरा फायदा शांततेपेक्षा मोठा आहे. पंख्यावर मात करायला आपण आवाज वाढवत जातो आणि पंखा गेला की वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसांसाठीची सुरक्षित मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे. तुमचे होतात एकवीस तास, म्हणजे वेळेची चिंता नाही. फक्त आवाजाची पट्टी मोबाइलवर निम्म्याच्या आसपास ठेवा. साठीनंतर वरचे स्वर कानाला कमी येतात, ते परत आणण्यासाठी सगळाच आवाज चढवणं हा उपाय नव्हे.

तर माझा कौल : तुम्ही बोसचा क्वाएटकम्फर्ट घ्या. सेनहायझर आवाजात सरस आहे हे मान्य करून सांगतो. तासभर ऐकणारा असता तर मी त्याचंच नाव लिहिलं असतं. पण तीन तास, चष्मा आणि कुड्या यांच्याबरोबर पत्नीच्या डोक्यावर टिकला तो बोस. दुसऱ्या तासाला तिनं 'हा राहू दे' म्हटलं, एवढंच प्रशस्तिपत्र मला पुरेसं आहे. बॅटरी २४ तासांची, म्हणजे तुमच्या हिशेबानं आठवड्यातून एकदा चार्जिंग. ॲपमध्ये 'बेस' एक घर खाली घ्या. एवढे पैसे एकदम घालायचे नसतील तर सोनीचाच डब्ल्यूएच-सीएच७२०एन हा धाकटा भाऊ आहे. अवघा १९२ ग्रॅम, नॉइज कॅन्सलिंगसह ३५ तास, किंमत बरीच खाली. फक्त त्याच्या वाट्या लहान आहेत, म्हणून कुड्या काढून ठेवाव्या लागतील.

घ्यायच्या आधी पुन्हा दुकानात जा, पण सकाळी, गर्दी नसताना. नेहमीच्या चष्म्यात आणि नेहमीच्या कुड्यांत जा. तिथं वाजणारं गाणं ऐकू नका. तुम्हाला पाठ असलेली एक विलंबित चीज मोबाइलवर घेऊन जा आणि खुर्ची मागून पाऊण तास बसा. दुकानदार बसू देत नसेल तर दुसरं दुकान बघा, राजारामपुरीत दुकानांना तोटा नाही. आणि परत करायची मुदत बिलावर लिहून घ्या. दसरा-दिवाळीला या वस्तूंचे भाव चांगले उतरतात, तोवर थांबता आलं तर थांबा.

प्रश्न : मुलगा ऑनलाइन तबला शिकतो. गुरुजी पुण्यात. वायरलेस हेडफोन घेऊन दिला, तर गुरुजी म्हणतात, 'हा लयीत मागं पडतो.' आणि मुलाला तानपुरा टेलिफोनवर ऐकावा तसा ऐकू येतो. हेडफोन खराब आहे का?
— एक पालक, राजारामपुरी

उत्तर : हेडफोन ठीक आहे आणि मुलाची लयही ठीक असणार. त्याला रागावू नका, आधी हे वाचा.

ब्लूटूथवर आवाज गुंडाळून पाठवावा लागतो, पलीकडं तो उलगडावा लागतो. यात साधारण सेकंदाचा पाचवा भाग जातो, कधी कमी, कधी जास्त. सिनेमा बघताना चित्र तेवढंच थांबवून घेतात, म्हणून कळत नाही. पण द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर एक मात्रा पाव सेकंदाची होते. म्हणजे लेहरा, तबल्याला ताल दाखवत फिरणारी धून, मुलाच्या कानावर पडतो तेव्हा तो जवळजवळ एक मात्रा शिळा झालेला असतो. त्यावर बोट उचलून 'धा' वाजवला की तो गुरुजींना उशिराच ऐकू येणार. शिवाय इंटरनेटचा उशीर वेगळा, तो कुठल्याच हेडफोननं जात नाही. म्हणून लेहरा गुरुजींकडून थेट न घेता मुलानं आपल्याच मोबाइलवर लावावा, हे गुरुजींशी बोलून ठरवा.

दुसरी तक्रार वेगळ्या कारणाची आहे. हेडफोनचाच मायक्रोफोन बोलायला वापरला की ब्लूटूथ 'फोनकॉल' पद्धतीवर जातं. मग दोन्ही कानांना एकच आवाज येतो आणि वरचे स्वर ४ किंवा फार तर ८ किलोहर्ट्झच्या आतच कापले जातात. तानपुऱ्याची जवारी त्याच्या वर बरीच पसरलेली असते, ती गेली की उरतो टेलिफोन. यावर दोन उपाय. एक, क्लासच्या ॲपमध्ये मायक्रोफोन लॅपटॉपचा निवडा, हेडफोनचा नको. दुसरा, जो मी करीन : हेडफोनला साडेतीन मिलिमीटरची भोकाची जागा असेल तर तिथं साधी वायर लावा. ब्लूटूथचा उशीरही गेला, टेलिफोनही गेला. नवीन घेताना अशी वायर लागते का हे आधी विचारा. तबल्यासाठी तर तोच पहिला प्रश्न.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत फेटलिंगला (ओतलेले भाग घासून साफ करायला) आहे. दिवसभर ग्राइंडर. नॉइज कॅन्सलिंगचा हेडफोन लावून काम केलं तर कान वाचतील आणि गाणीही होतील, असं मित्र म्हणतो. घेऊ का?
— एक कामगार

उत्तर : भावा, घेऊ नको. हे मी कळकळीनं सांगतोय.

हे हेडफोन पंख्यासारख्या एकसुरी घरघरीसाठी आहेत. फेटलिंगमध्ये ग्राइंडरची किंचाळी आणि हातोड्याचे ठोके असतात. वरचे आणि अचानक होणारे आवाज उलट्या लाटेला सापडत नाहीत. वर तू त्यावर गाणं चढवणार, म्हणजे कानावर दोन्हीचा मारा. आणि मागून क्रेननं हॉर्न दिला तर तुला ऐकू येणार नाही. ते कान वाचवण्याचं साधन म्हणून तपासलेलंही नसतं.

आपल्याकडं कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि ग्राइंडर ती सहज ओलांडतो. कंपनीकडं इअरमफ, म्हणजे आवाजापासून वाचवणारी कानावरची झाकणं, माग, तो तुझा हक्क आहे. त्यावर किती डेसिबल आवाज कमी होतो तो आकडा छापलेला असतो, एनआरआर किंवा एसएनआर म्हणून. तो बघूनच घे. हेल्मेटला बसणारे येतात, आणि वर सांगितलेलं काडीचं गणित इथंही लागू आहे. सेफ्टी गॉगलची काडी जाड असेल तर इअरमफखाली फट राहते, मग आत फोमचे इअरप्लगही घाल. घरी गेल्यावर कानात शीळ वाजत राहत असेल तर थांबू नको, कानाची तपासणी करून घे. गाणी सुट्टीच्या दिवशी, रंकाळ्यावर बसून, हळू आवाजात.

प्रश्न : दोन पावसाळ्यांत हेडफोनच्या कुशनची काळी साल निघायला लागली. गालाला काळं लागतं. नवीनच घ्यावा लागेल का?
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : नाही. हे कातडं नसतं, कापडावर बसवलेला प्लॅस्टिकचा थर असतो. घाम आणि दमट हवा यांनी तो सुटतो, आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर कपाट उघडलं तरी कुबट वास येतो, तिथं कुशनची काय कथा. बहुतेक मॉडेलची कुशनं वेगळी मिळतात आणि बहुतेक नुसती खटक्यानं बसवलेली असतात. मॉडेलचं नाव आणि नंबर बघूनच मागवा. 'सगळ्यांना बसतं' म्हणून मिळणारी कुशनं घेऊ नका. जाडी बदलली की स्पीकर कानापासून लांब जातो आणि आवाज बदलतो. माझ्याकडं असा एक हेडफोन आला होता. मालक म्हणत होते, स्पीकर बिघडलाय. खरं कुशन घातलं आणि स्पीकर बरा झाला.

नवीन बसवल्यावर रोज वापरून झाला की कोरड्या सुती फडक्यानं पुसा, स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका. पावसाळ्यात डब्यात ठेवताना औषधाच्या बाटलीतून निघणारी सिलिका जेलची पुडी बरोबर टाका. काही जण जुन्या सुती साडीचं कव्हर शिवून घालतात. घाम टिपायला ते उत्तम, पण कापड एकपदरीच ठेवा. दुपदरी घातलंत तर खर्ज पुन्हा तिथूनच गळेल.